घरी विचारलं

रामदास सकपाळांना ओळखणारी माणसं मुंबईत थोडी असतील, पण सकपाळांनी ओळखलेली माणसं हजारोंनी. त्यांचा तो धंदाच होता. ते वकिलाचे कारकून. शपथपत्रावर सही करायला आलेला माणूस खरोखर तोच आहे, हे सांगायला कोर्टात कुणीतरी लागतं. त्याने खाली लिहायचं, 'मी यांना व्यक्तिशः ओळखतो', आणि सही करायची. हे काम चहाच्या कपावर करणारे पुष्कळ असतात. कागदावर नाव वाचायचं आणि बालमित्र असल्यासारखी सही ठोकायची. सकपाळ मात्र या बाबतीत भलते कटकटे. पक्षकाराला बाकावर बसवून ते विचारणार, गाव कुठलं, चाळ कुठली, शेजारी कोण राहतं, त्याच्याशी भांडण कशावरून आहे. एका व्यापाऱ्याला त्यांनी सासऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तो वैतागून म्हणाला, "अहो, सही करायचीय की सोयरीक जमवायचीय?"

सकपाळ म्हणाले, "न ओळखता ओळखतो म्हणायला मी काय मतं मागायला आलोय?"

हे वाक्य त्यांच्या साहेबांनी आतल्या खोलीतून ऐकलं आणि मोठ्याने हसले. साहेब अधूनमधून मतं मागायला जायचे आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायचे.

साहेब म्हणजे ॲडव्होकेट मनमोहन धैर्यवान. राहणार गिरगाव, मुंबईतलं जुनं घराणं, आजोबांची इमारत, इमारतीला आजोबांचंच नाव. एवढं सगळं असताना माणसाने स्वस्थ बसावं, तर यांना सुधारणेचा नाद. चाळकऱ्यांचे खटले फुकट लढवायचे, जातीबाहेरच्या लग्नांना साक्षीदार व्हायचे. नातेवाईक त्यांना पूजेला बोलावताना आधी कुजबुजत ठरवायचे, कारण तीर्थप्रसाद घेता घेता ते हुंड्यावर बोलायला लागायचे. एकदाच विधान परिषदेत गेले. तिथे त्यांनी चाळीतल्या भाडेकरूंच्या घरहक्काचं एक खासगी विधेयक मांडलं. ते पडलं. त्यानंतर पक्षाने त्यांना पुन्हा विचारलं नाही, आणि साहेबांनीही पक्षाला विचारलं नाही.

या माणसाचं अक्षर भयंकर होतं. डावीकडे कललेलं, शिरोरेघ गायब, र आणि स सख्खे भाऊ. ते वाचता येणारा मुंबईत एकच इसम होता आणि तो साहेब नव्हता. साहेब स्वतःचाच मसुदा हातात धरून ओरडायचे, "रामदास, हे मी काय लिहिलंय रे?" सकपाळ वाचून दाखवायचे. वर्षानुवर्षं ते अक्षर वाचून, उतरवून, त्याची स्वच्छ प्रत करून व्हायचं तेच झालं. सकपाळांचं स्वतःचं अक्षरही डावीकडे कलायला लागलं. शिरोरेघ गेली. त्यांच्या सासऱ्यांना त्यांनी पाठवलेली खुशालीची पत्रं सासरे अभिमानाने गावात दाखवायचे, "जावयाची पत्रं खुद्द आमदार लिहून देतात."

आता या गोष्टीच्या मुळाशी कमलाबाई आहेत. त्या सकपाळांच्या आई. महापालिकेत झाडूखात्यात नोकरी, राहायला नायगावला बीडीडी चाळीत, एक खोली. नवरा होता, पण तो असून नसल्यासारखा होता. आणि असला की जास्त त्रास होता. खोलीची भाडेपावती त्याच्या नावावर. दोनदा त्याने खोली परस्पर विकायला काढली होती. दोन्ही वेळा घेणारे सामान घेऊन आले आणि कमलाबाई उंबऱ्यावर आडव्या झोपल्या. "माझ्यावर पाय देऊन जा," म्हणाल्या. पहिल्या वेळी टेम्पोवाल्याने भाडं बुडालं म्हणून शिव्या दिल्या, दुसऱ्या वेळी त्याच टेम्पोवाल्याला पाझर फुटला.

विधेयकाचा मसुदा स्वच्छ करायला सकपाळांनी एकदा घरी आणला होता. लीगल साइजचे लांब कागद, डाव्या बाजूला चार बोटं समास. ते पलंगावर कागद पसरून बसले होते आणि कमलाबाई तांदूळ निवडत होत्या.

"काय लिहितोस एवढा?"

"कायदा."

"वाच बघू."

सकपाळांनी वाचलं. चाळीतल्या प्रत्येक भाडेकरू कुटुंबाला राहत्या खोलीचा मालकी हक्क मिळावा, आणि ही मालकी कुटुंबप्रमुखाच्या नावे नोंदवली जावी.

कमलाबाईंचा हात सुपात थांबला. "कुणाच्या नावे?"

"कुटुंबप्रमुखाच्या."

"म्हंजे तुझ्या बापाच्या."

"आये, तो एकट्या आपल्यासाठी नाही कायदा."

"तुझा बाप काय एकटाच हाय व्हय मुंबईत? मेल्या, परमुख गुत्त्यावर बसलेला असतो. त्याला खोली दिलीस तर तो खोलीच पिऊन येईल. बाईच्या नावं कर म्हणावं. आणि तुझा साहेब कधी नळावर हंडा घेऊन उभा राहिलाय का, ते पण विचार."

सकपाळांना ते पटलं, पण साहेबांना सांगायची हिंमत नव्हती. न लिहिता राहवेना. म्हणून त्यांनी समासात पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं: 'घरी विचारलं. म्हणतात, प्रमुख गुत्त्यावर असतो. खोली बाईच्या नावे करा.' सकाळी खोडायचं ठरवलं होतं. सकाळी पाणी उशिरा आलं, धांदल उडाली, खोडायचं राहिलं.

दुपारी साहेबांनी हाक मारली. "हे काय?"

सकपाळांनी खिशात खोडरबर चाचपलं. "घरी विचारलं होतं, साहेब. आई म्हणाली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग शाईचं पेन उघडून कलमात 'कुटुंबप्रमुखाच्या' हा शब्द खोडला आणि 'पत्नीच्या' असा लिहिला. म्हणाले, "आतापासून प्रत्येक मसुदा घरी विचारूनच आणायचा. भाषणंसुद्धा. आणि लिहायचं ते पेन्सिलीनेच. शाईने लिहिलंस तर मला माझंच वाटेल आणि मी नीट वाचणार नाही."

त्या दिवसापासून ही रीतच पडली. साहेबांची शाई मधे, कमलाबाईंची पेन्सिल समासात. सभेची वेळ संध्याकाळी पाचची ठेवली तर समासात यायचं: 'घरी विचारलं. म्हणतात, संध्याकाळच्या पाण्याच्या वेळेला सभा ठेवलीत तर भगिनी कुठून येणार, नुसतेच बंधू येतील.' भाषण लांबलं तर: 'घरी विचारलं. म्हणतात, लिहिणारा खुर्चीवर बसून लिहितो, ऐकणारे उभे असतात.' सुधारित इमारतीच्या नकाशावर: 'घरी विचारलं. म्हणतात, बाल्कनी मागाहून द्या, आधी संडासाला कडी लावा.' साहेब कधी मानायचे, कधी चिडायचे, कधी समासातच शाईने उत्तर द्यायचे, 'मान्य, पण कडीसाठी कायदा कसा करू?'

साहेब आणि कमलाबाई, दोघं कधी भेटली नाहीत. साहेबांनी दोनतीनदा म्हटलं, आईंना एकदा घेऊन ये. कमलाबाई म्हणाल्या, "मी तिथं गेले तर लाजेन. मग बोलायचं कुणी?"

विधेयक पडलं तेव्हा सकपाळ तोंड पाडून घरी आले. कमलाबाई म्हणाल्या, "सरकारला नाय जमलं तर नाय. आपल्या खोलीपुरता कायदा आपण करू." नवरा गेल्यावर त्यांनी हेलपाटे घालून पावती स्वतःच्या नावावर करून घेतली, आणि पुढे मुलगा धडधाकट असताना ती केली सुनेच्या नावावर. सुनेशी त्यांचं एक दिवसही पटलं नाही. पण खोली सुनेचीच. त्यामुळे वैशाली सकपाळ आजही भांडण रंगात आलं की नवऱ्याला सांगते, "आवाज नको. तुम्ही माझ्या खोलीत राहता."

आता ती चाळ पाडायला घेतली आहे. सकपाळ नवराबायको तात्पुरते काळाचौकीला भाड्याने राहतात आणि नायगावच्या टॉवरमध्ये मिळणाऱ्या नव्या घराची वाट बघतात. तेही वैशालीच्याच नावावर. सकपाळ म्हणतात, "मी जन्मभर भाडेकरूच."

कमलाबाई गेल्या. मग साहेब गेले. मग साहेबांच्या पत्नी मालिनीताई गेल्या. गिरगावच्या घरात साहेबांचे कागद राहिले, कपाटांत, पलंगाखाली, माळ्यावर, फडक्यात बांधलेले. साहेबांनी आयुष्यात कागद फेकला नव्हता. त्यांची नात ऋग्वेदा हिने शेवटी ते सगळे दादरच्या एका संशोधन संस्थेला दिले. संस्थेत रुचा नावाची पुण्याची मुलगी होती, शिकलेली, कामाला चोख. पण दुसऱ्याच दिवशी तिने ऋग्वेदाला फोन केला, "कागद अमूल्य आहेत. वाचता मात्र येत नाहीयेत." म्हणून सकपाळांना बोलावणं गेलं.

सकपाळ खूश झाले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बसने दादर. तिथे एसीत बसायचं, हातात पांढरे मोजे घालायचे. वैशालीने पहिल्याच दिवशी विचारलं, "मोजे कशाला? साहेबांचे कागद तुम्ही बटाटेवड्याच्या हाताने धरलेत."

"जुने झालेत आता ते. पुराभिलेख म्हणतात त्याला."

"तुम्ही पण जुने झालात. तुम्हाला कोण मोजे घालून धरतं?"

काम मजेत चाललं होतं. सकपाळ वाचून दाखवायचे, रुचा कॉम्प्युटरवर उतरवायची, अधूनमधून कॉफी यायची. मग विधेयकाचं बाड निघालं. रुचाने पहिलं पान उजेडात धरलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"सर, समासात पेन्सिलने काहीतरी आहे. 'घरी विचारलं'... बाई गं. सर, हे अद्भुत आहे!"

सकपाळांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आईचं बोलणं अद्भुत आहे असं त्यांना याआधी कुणी म्हटलेलं नव्हतं. चाळीत लोक दुसरा शब्द वापरायचे. आता सांगावं, असं त्यांनी मनाशी म्हटलंही. पण आपण होऊन 'ते मी लिहिलंय हो' म्हणणं त्यांना लग्नात स्वतःच स्वतःला हार घालून घेण्यासारखं वाटलं. विचारलं की सांगू, असं ठरवून त्यांनी कॉफी प्यायली.

कुणी विचारलंच नाही. विचारायचं काय होतं? अक्षर तेच, कलही तोच, शिरोरेघ तशीच गायब. घरही साहेबांचंच असणार, आणि घरी म्हणजे मालिनीताईच.

दोन दिवसांनी ऋग्वेदा स्वतः आली. ती कुठल्याशा जाहिरात कंपनीत होती, केस बारीक कापलेले, बोलणं भरभर. आल्या आल्या तिने सकपाळांना मिठीच मारली. सकपाळांनी दोन्ही मोजे घातलेले हात हवेत धरले.

"सकपाळकाका, आजी! सगळे शेरे आजीचे! मला लहानपणापासून सगळे सांगायचे, तुझे आजोबा केवढे, तुझे आजोबा केवढे. आणि आजीचं काय, तर पत्ते खेळते आणि कोलंबीचं भानोलं छान करते. बस. तिने वाढवलंय हो मला. मला कायम वाटायचं, ही बाई नुसती पत्ते खेळणारी नसणार. आणि हे बघा. 'खोली बाईच्या नावे करा.' एवढ्या वर्षांपूर्वी!" तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला माहीत होतं ना?"

आता मात्र विचारलं होतं. सकपाळांनी तिच्याकडे पाहिलं. ही पोर त्यांच्या मांडीवर बसून कोर्टाचे शिक्के रिकाम्या कागदावर मारत मोठी झालेली. मालिनीताईंच्या हातचं भानोलं त्यांनी किती वेळा खाल्लं त्याची गणती नाही. ते म्हणाले, "पेन्सिल साहेबांच्या टेबलावरचीच होती."

हे शंभर टक्के खरं होतं. पेन्सिली साहेब डझनाने आणायचे. वकिलाकडे राहून माणूस एवढं तरी शिकतोच.

मग गोष्टी वेगाने घडल्या. संस्थेने प्रदर्शन ठरवलं. पत्रिका छापायला गेल्या. सकपाळ रोज दादरला जात राहिले आणि रोज संध्याकाळी थोडे जास्त गप्प होऊन परत येत राहिले. स्वतःची त्यांनी समजूत घातली होती. आपण कोण? लिहिणारा हात. साहेबांचं पुष्कळ मीठ खाल्लं. चार ओळी त्यांच्या नावावर गेल्या तर बिघडलं काय? हात साहेबांना दिला, हिशेब मिटला.

प्रदर्शनाच्या आठवड्यात रुचाने त्यांना तयार फलक दाखवला. माणसाएवढा उंच. मालिनीताईंचा फोटो, तरुणपणीचा, नऊवारीतला, केसांत वेणी. वर शीर्षक, 'सुधारकाच्या घरातली सुधारक'. खाली मोठ्या अक्षरात: 'प्रमुख गुत्त्यावर असतो. खोली बाईच्या नावे करा.'

सकपाळ बघत राहिले. मालिनीताई सुंदर दिसत होत्या. आजेसासऱ्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, चार खोल्यांत राहणाऱ्या, उंबऱ्यावर कधी आडवं झोपायची पाळी न आलेल्या मालिनीताई. सकपाळांना एकदम लक्षात आलं की आपण दिलं ते आपलं नव्हतंच. आपला फक्त हात. तोंड दुसऱ्याचं.

"सर, एवढी एक सही," रुचा म्हणाली. तिने एक कागद पुढे केला. "तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर होतात. या सगळ्या कागदांवरचं हस्ताक्षर मनमोहन धैर्यवान यांचंच आहे, मी ते ओळखतो, असं निवेदन हवंय. यादीसोबत जोडायला."

ओळखतो. सकपाळांनी खिशाकडे हात नेला, पेन चाचपलं, हात परत आणला. "चष्मा राहिला घरी," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. रुचा सभ्य घरातली, तिने त्यांच्या नाकाकडे पाहिलं आणि कागद परत घेतला.

घरी वैशालीला त्यांनी सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"आईंचं बोलणं त्या बाईच्या फोटोखाली?"

"हो."

"आणि तुम्ही मुंडी हलवून आलात."

"मुंडी नाही हलवली. चष्मा विसरलो म्हणालो."

"वा! केवढी ही हिंमत! पेपरात द्या." ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. "ऐका. ती बाई माझी सासू होती. मला तिने काय काय ऐकवलंय ते माझं मला माहीत. माझी चपाती कधी गोल झाली नाही, माझी पोर कधी बाळसेदार झाली नाही, माझं माहेर तर काय, विचारू नका. पण खोली माझ्या नावे केली तेव्हा ऑफिसमधला तो माणूस तिला म्हणाला, आजी, मुलगा असताना सुनेला कशाला? तर म्हणाली, मुलगा माझा आहे, म्हणूनच. मी शेजारी उभी होते. आता ते सगळं दुसऱ्या कुणाचं झालं तर मी कुणाशी भांडले इतकी वर्षं?"

"त्या पोरीचं काय पण? तिला तिची आजी सापडलीय."

"तिची कुठे? आपली सापडलीय तिला. तुम्ही नाही सांगितलंत तर मी जाऊन सांगते."

"तुझं निवेदन ग्राह्य धरणार नाहीत," सकपाळ सवयीने म्हणाले.

"तुम्ही खोली खाली करा," वैशाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघंही दादरला गेली. वैशालीने निळी साडी नेसली होती, लग्नाला जाताना नेसायची ती. ऋग्वेदा तिथेच होती, फलकावरचा प्रकाश नीट पडतो का ते बघत. सकपाळांनी मोजे घातले नाहीत. बसलेही नाहीत.

"सही करायच्या आधी ओळख नीट पटवायला हवी," ते म्हणाले. "शाईतलं सगळं साहेबांचं. ते मी ओळखतो. पेन्सिलीतलं साहेबांचं नाही. तो हात माझा आहे. घरी विचारलं म्हणजे माझ्या घरी. नायगावला. आणि म्हणतात म्हणजे माझी आई म्हणते. कमलाबाई."

मग रुचाने हळूच एक कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. अविश्वास नव्हता त्यात, तिची शिस्त होती. सकपाळांनी उभ्याउभ्याच लिहिलं. रुचाने कागद विधेयकाच्या पानाशेजारी धरला आणि तिचा चेहरा उजळत गेला.

"सर, पण हे तर... हे कितीतरी मोठं आहे! म्हणजे मसुद्याच्या पातळीवर थेट चाळीतल्या एका कामगार बाईचा सहभाग! सर, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? अख्खा पेपर होईल यावर! आईंचं शिक्षण किती होतं? अजून काही..."

"मॅडम," सकपाळ म्हणाले, "जरा थांबा."

कारण ऋग्वेदा फलकासमोर तशीच उभी होती. पाठमोरी. आजीच्या फोटोच्या उंचीची. तिने न वळताच विचारलं, "सगळे? सगळेच शेरे तुमच्या आईचे?"

"हो बेटा."

"एखादा तरी आजीचा असेल ना, काका? नीट बघा ना. इतके आहेत. एखादा."

सकपाळ टेबलाकडे गेले. चष्मा नीट बसवून त्यांनी एकेक पान पुन्हा पाहिलं. एक शेरा होता, भाषण जेवणवेळेच्या आत संपवा असा. यात नळ नव्हता, चाळ नव्हती, गुत्ता नव्हता. हा गिरगावच्या स्वयंपाकघरातून आलाय म्हटलं असतं तर जगात कुणाला खोटं ठरवता आलं नसतं. त्यांचं बोट त्या पानावर रेंगाळलं. वैशालीने त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि कानाशी पुटपुटली, "द्या की तो एक. आईंना काय कमी पडणार नाही."

काल खोली खाली करायला सांगणारी हीच बाई. सकपाळांनी तिच्याकडे पाहिलं, मग ऋग्वेदाच्या पाठीकडे. बोट उचललं.

"नाही," ते म्हणाले. "हासुद्धा आईचाच. त्या दिवशी आमच्याकडे बांगड्याचं कालवण होतं, ती घाईत होती." मग ते म्हणाले, "बेटा, तुझी आजी काय म्हणाली असती ते मला नाही सांगता येणार. तिला विचारलंच नाही कुणी. साहेब मला म्हणायचे, घरी विचारून ये. मी गिरगावात त्यांच्या घरात बसून ते ऐकायचो, नायगावला यायचो आणि विचारायचो. आतल्या खोलीत ताई असायच्या. साहेबांनी कधी विचारलं नाही. मीही नाही विचारलं."

ऋग्वेदा वळली. रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती हसत होती, ओठ वाकडे करून, डोळे मात्र लाल.

"आजोबांना ना," ती म्हणाली, "आख्ख्या मुंबईतल्या बायकांची काळजी होती." मग तिने नाक पुसलं. "मी रागावलेय, काका. तुमच्यावर नाही. कुणावर ते अजून ठरवते."

"ठरव सावकाश," वैशाली म्हणाली आणि पर्समधून तिला रुमाल दिला. "मी माझ्या सासूवर अजून रागावलेय. चालतं तसं."

ऋग्वेदाने रुमाल घेतला. मग स्वतःच्या हाताने फलकावरचा फोटो सोडवला. तो चिकटवलेला होता, कडा थोड्या फाटल्या. रुचा 'अगं, हळू' म्हणून पुढे झाली, पण ऋग्वेदाने फोटो गुंडाळून काखेत घेतला. "ही माझ्या घरी राहील," ती म्हणाली. "तिच्याविषयी जे काय लिहायचं ते मी शोधून लिहीन. पत्त्यांपासून सुरू करीन."

रुचा कॉम्प्युटरपुढे बसली. यादीत नवी नोंद करायची होती.

"कमलाबाई सकपाळ," ती टाइप करता करता म्हणाली. "राहणार नायगाव. सर, व्यवसायाच्या रकान्यात काय घालू? खरं म्हणजे त्यांच्या कामाला नावच नाही. विधेयकाच्या सल्लागार असं लिहू?"

सकपाळांना ते भारदस्त वाटलं. त्यांनी वैशालीकडे पाहिलं.

"नको," वैशाली म्हणाली. "आई विचारतील, मग पगार कुठाय?"

"मग?"

"झाडूखातं, महापालिका," सकपाळ म्हणाले. "पेन्शन तिथलीच होती."

रुचाने तसं लिहिलं. सकपाळांनी स्क्रीनवर वाकून ते अक्षर न अक्षर वाचलं, मग खिशातून पेन काढलं आणि निवेदनाचा कागद मागितला. 'हस्ताक्षर'च्या आधी 'शाईतलं' एवढं घालून सही करायची होती.